विमलच्या स्वयंपाकघरातील तारा

विमल,

गजभिये यांनी तुझ्याविषयी लिहिलेला मजकूर आज सकाळी माझ्या हाती आला. उद्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. तो संपल्यावर मंडळाची स्मृतिपत्रिका वाटायची आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर हा मजकूर छापण्याचा त्यांचा, म्हणजे मंडळाच्या सचिवांचा, विचार होता. व्याकरण निर्दोष आहे, शुद्धलेखनही. फक्त त्यात तू नाहीस. तुला 'मितभाषी' म्हटले आहे. 'पतीच्या सामाजिक कार्यात सावलीसारखी उभी राहिलेली' म्हटले आहे. आणि 'करुणामूर्ती' तर जागोजागी आहे. मितभाषी! सरोजिनी नगरच्या क्वार्टरच्या जिन्यात तुझा आवाज आला की खाली भाजीवाला आपणहून भाव उतरवत असे. गजभिये समोरच्याच ब्लॉकमध्ये राहत होते. त्यांना हे ठाऊक आहे. आणि सावली? माझ्या कोणत्याही कार्यात तू सावलीसारखी उभी राहिली नाहीस. तू समोर उभी असायचीस, आणि बहुतेक वेळा आडवी.

शेवटी त्यांनी लिहिले आहे की अखेरच्या आजारात ताई एका देवीच्या तसबिरीकडे वळल्या होत्या, परंतु दुखण्यात माणूस हळवा होतो, हे समाजाने समजून घ्यावे. ते वाक्य मी लाल शाईने खोडले आणि त्यांना कळवले की पहिले पान मी लिहीन. हे ते पान आहे.

दुसरी आवृत्ती आपल्या मुलीची. प्रज्ञाने मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिले की आई तारादेवीची भक्त होती, रोज तिचा मंत्र म्हणायची आणि मंत्र म्हणता म्हणताच शांतपणे गेली. त्याखाली फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रे आली आहेत. तिने ती मला मोठ्या प्रेमाने दाखवली. तू मंत्र म्हणत नव्हतीस. सकाळी गॅसपाशी तू जे पुटपुटायचीस ते मी वर्षानुवर्षे ऐकले आहे. ती दूधवाल्याविषयीची तक्रार असे, नाहीतर माझ्याविषयीची. आणि शांतपणे तर तू मुळीच गेली नाहीस. खिडकी उघडत नाही म्हणून तू माझ्यावर चिडलेली होतीस.

म्हणून लिहिणे भाग आहे. ज्यांना तुझे म्हणणे पटत होते, त्यांनी ते नीट ऐकले नाही. त्यांना तशी गरजच नव्हती. ज्याला प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचे असते, तो प्रत्येक वाक्य लक्षात ठेवतो. मी तुझ्याशी हयातभर वाद घातला. तुझा विश्वासार्ह साक्षीदार मीच आहे आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही.

मी कोठून लिहितो आहे ते तुला सांगायला नको. प्रज्ञाच्या नोएडाच्या घरातली तीच खोली. उतरती दुपार आहे, तरी धुरामुळे समोरचा टॉवर दिसत नाही. खिडक्यांच्या फटींना प्रज्ञाने चिकटपट्टी लावली आहे, आणि हवा शुद्ध करणारे यंत्र कोपऱ्यात घरघरते आहे. तुझे ऑक्सिजनचे यंत्र परत गेले. त्याची नळी जिथपर्यंत पोचत असे तेवढेच तुझे घर होते: पलंग, खुर्ची आणि स्वयंपाकघराचे दार. आता नळी नाही, तरी मीही तेवढ्याच पट्ट्यात फिरतो. खाली उतरावे तर लिफ्टमध्ये कोणीतरी "अंकल जी, हिम्मत रखिए" म्हणतो. वर बसावे तर तेच फोनवर ऐकावे लागते. सरोजिनी नगरचे आपले क्वार्टर पाडून टाकले आहे. जाऊन थोडा वेळ टेकावे, तर तिथली पायरीसुद्धा उरलेली नाही.

आणि इथे स्वयंपाकघराच्या दारामागे ती आहे. हिरवी, एक पाय मुडपलेली, दुसरा कमळाखाली सोडलेली. तिच्यापायी आज सकाळी मी कोंडीत सापडलो. गजभिये यांना ती उद्या विहारात नको आहे. प्रज्ञाला ती टेबलावर, तुझ्या फोटोशेजारी, दिवा लावून हवी आहे. शब्द माझा मानला जाईल, कारण मंडळातला सर्वांत ज्येष्ठ सभासद मी आहे. ती नको म्हणालो, तर गजभिये यांचे ते खोडलेले वाक्य खरे ठरते. तू हळवी झाली होतीस आणि घरच्यांनी ते झाकले. हो म्हणालो, तर प्रज्ञाचे खरे ठरते, आणि तुझ्या आईवडिलांनी शपथेवर सोडलेली देवपूजा मी तुझ्या नावाने पुन्हा सुरू केली असे होते. दोन्हीकडून तू तू राहत नाहीस.

ती घरात कशी आली ते आधी नोंदवतो, कारण तेही चुकीचे सांगितले जात आहे. ती आजारपणात आली नाही. ती आली तेव्हा तू जिने पळत चढत होतीस. वरच्या मजल्यावरच्या आंगमोच्या नवऱ्याची लेहला बदली झाली. सामानाच्या गर्दीतून ती एक गुंडाळी घेऊन खाली आली: कापडावर छापलेले चित्र, कडेला रेशमी पट्टी, एका बाजूने उसवलेली. "दीदी, ये आप रख लो. हमारे वहाँ तो घर-घर में है." तू मला न विचारता ते घेतलेस आणि स्वयंपाकघराच्या दारामागे, पिशव्यांच्या खिळ्याला लावलेस. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, पाणी प्यायला आत गेलो आणि मागे दार लोटले.

"हे काय आहे?"

"तारा आहे."

"ते दिसतंय मला. आपल्या घरात का आहे?"

"इतकी वर्षं तिथं पिशव्या लटकत होत्या, तेव्हा नाही विचारलंत."

मी तुला बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. तू हात पुसत म्हणालीस, "पूजा कुठं करते मी? फूल आहे का समोर? उदबत्ती आहे? तुमच्या पाकिटात तुमच्या आईचा फोटो आहे. त्याला नैवेद्य दाखवता का?"

"माझी आई होती. ही बाई कधी नव्हतीच."

"नव्हतीच ना? मग घाबरता कशाला?"

हा युक्तिवाद सदोष होता. मी तेव्हा तसे सांगितले आणि आजही सांगतो. जे नव्हते त्याचेच भय समाजाला सर्वांत जास्त असते. त्यातून आपण केवढ्या कष्टाने बाहेर पडलो. परंतु साक्षीदार म्हणून एक गोष्ट नोंदवणे माझे कर्तव्य आहे. त्या चित्रासमोर तू कधीही फूल ठेवले नाहीस, दिवा लावला नाहीस, हात जोडले नाहीस. दोडका सोलताना तू तिच्याकडे अधूनमधून पाहायचीस, समोरच्या गॅलरीत बसलेल्या शेजारणीकडे पाहावे तशी. मला त्याचाही राग यायचा.

तिची गोष्ट तुला आंगमोने सांगितली होती आणि तू ती मला एकदा जेवायला वाढताना ऐकवलीस. फार पूर्वी एक राजकन्या होती. तिने इतकी साधना केली की भिक्खूंनाही तिची दखल घ्यावी लागली. ते तिला म्हणाले, आता पुढचा जन्म पुरुषाचा मिळावा अशी इच्छा धर, म्हणजे तुझा मार्ग पूर्ण होईल. ती म्हणाली, पुरुष आणि बाई हा भेद मुळात खराच नाही. पण पुरुषाच्या देहात राहून वाट चालणारे पुष्कळ आहेत, बाईच्या देहात राहून चालू पाहणारे थोडे. तेव्हा जगातला शेवटचा जीव दुःखातून सुटेपर्यंत मी बाईच राहीन. तीच पुढे तारा झाली. एवढे सांगून तू माझ्या ताटात पोळी टाकलीस.

"काय उत्तर दिलं ना!"

"दंतकथा आहे. शिवाय पुनर्जन्म आपण मानत नाही."

"मीपण नाही मानत. जन्माचं सोडा. उत्तर कसं आहे तेवढं सांगा."

"दंतकथेतल्या उत्तराला गुण द्यायचे नसतात."

"अच्छा! म्हणजे चांगलं आहे."

लोक तारेचा तो खाली सोडलेला पाय पाहतात. हाक आली की उठता यावे म्हणून तो तसा आहे, असे सांगतात, आणि मग करुणेविषयी बोलू लागतात. प्रज्ञाच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्या पायाविषयीच लिहिले आहे. मी शपथेवर सांगतो, तू ती पायासाठी लावली नव्हतीस. भिक्खूंनी बाईला पुरुष होण्याचा सल्ला दिला आणि तिने त्यांच्या तोंडावर तो परत केला, म्हणून तू ती लावली होतीस. तू मंत्रालयात स्टेनो होतीस. अधिकारी खिडकीबाहेर पाहत वाक्ये सांगायचे आणि तू ती लिहून घ्यायचीस. त्यांची अर्धवट वाक्ये तू पुरी करायचीस आणि सही त्यांची व्हायची. घरी येऊन पर्स टाकत म्हणायचीस, "दिवसभर यांचं मी लिहून घेते. एखाद दिवस मी सांगते, यांनी लिहून घ्यावं." हे मी विनोद म्हणून ऐकत असे. तो विनोद नव्हता, हे मला कळत नव्हते असे मात्र कोणी समजू नये.

आता टेबलावर काय असावे आणि वंदना कोणी घ्यावी, त्या नियमाकडे येतो. परवा गजभिये कोणाला तरी सांगत होते की तो परंपरेने आला आहे. चूक. तो मी लिहिला. दिल्लीत आपण थोडी कुटुंबे होतो, कोणी भंडाऱ्याचे, कोणी नांदेडचे, प्रत्येकाची रीत निराळी. नियम नसता, तर आज टेबलावर एक जादा तसबीर, उद्या दुसरी, आणि तिसऱ्या वर्षी सत्यनारायण झाला असता. म्हणून मी मंडळाची घटना लिहिली. टेबलावर तसबिरी दोनच, एक बुद्धांची आणि दुसरी ज्यांनी आपल्याला बुद्ध दिले त्यांची. कार्यक्रम ज्याच्या स्मरणार्थ असेल त्याचा फोटो वेगळा. सभासदत्व क्वार्टरमागे एक, ज्याच्या नावावर क्वार्टर त्याच्या नावाने. भन्ते हजर नसतील तर वंदना ज्येष्ठ सभासदाने घ्यावी, आणि तो हजर असताना दुसऱ्या कोणा सभासदाने घेऊ नये. वंदनेत एक जण ओळ आधी म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. आधी कोणी म्हणायचे यावरून भांडणे होऊ नयेत, एवढाच हेतू. क्वार्टर माझ्या नावावर होते. तू माझ्याइतकीच सरकारी नोकर, पण कागदोपत्री तू माझे कुटुंब. गजभिये यांच्या पत्नीचे तेच, बाकीच्यांचे तेच. परिणामी मंडळात एकही बाई कधी सभासद झाली नाही. हे सोयीसाठी होते. नियमाचे समर्थन मी आजही करतो, आणि तू असतीस तर आज पुन्हा भांडलीच असतीस.

ते धुक्याचे दिवस आठव. पौर्णिमेचा कार्यक्रम होता, भन्ते यांची गाडी धुक्यात अडकली आणि दौऱ्यावरून येताना माझी आगगाडीही स्टेशनाबाहेर खोळंबली होती. सूटकेस घेऊन थेट विहारात पोचलो तेव्हा मेणबत्त्या अर्ध्या जळल्या होत्या, मुले आयांच्या मांडीवर झोपली होती, आणि सगळे जण वाट पाहत बसले होते. माझी. तूही त्यात होतीस, भिंतीला टेकून, गुडघ्यांभोवती शाल गुंडाळून. मी बूट काढले आणि वंदना घेतली. परतताना ऑटोत तू म्हणालीस, "मला गाथा येत नव्हत्या का?"

"प्रश्न येण्याचा नाही."

"माझी मावसबहीण वर्ध्याला घेते वंदना. दिल्लीची पाली वेगळी आहे का?"

"वर्ध्याच्या मंडळाची घटना वेगळी असेल."

"घटना तुम्ही लिहिलीत, आणि ऐकून बसायचं आम्ही."

ऑटोवाला मागे वळून म्हणाला, "बहनजी, झगड़ा घर जाके कर लेना, अभी मोड़ बता दो."

"भैया, घर जाके तो ये सो जाएँगे," तू म्हणालीस.

तो इतका हसला की वळण चुकला. मीही हसलो होतो. अंधारात तुला दिसले नसेल म्हणून इथे लिहून ठेवतो.

कृतज्ञतेने लिहावे अशी या लेखाची रीत आहे आणि मला ती अमान्य नाही. आपला दिल्लीतला पहिला हिवाळा. विदर्भातून आणलेल्या दोन चादरी एकावर एक घेऊनही आपण कुडकुडत होतो, तेव्हा तूच म्हणालीस, पानिपतला जाऊ, रजया तिथे होतात. बसमध्ये मी तुला लढाईचा इतिहास सविस्तर सांगितला आणि रणभूमी पाहण्याचा आग्रह धरला. तू म्हणालीस, "जिथं हरलो तिथं जाऊन फोटो काढायची मराठी माणसाला भारी हौस. चला, आधी रजया बघू." रजया घेतल्या, रणभूमी राहिली. त्यांतली एक आता माझ्या पायांवर आहे. तिच्यातला कापूस गोळा झाला आहे, आणि प्रज्ञाला ती टाकून द्यायची आहे. मी टाकू देणार नाही.

आणि करुणा. सारे म्हणत आहेत तर तिचाही निकाल लावतो. मुनिरकामध्ये आपल्याकडच्या मुली खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, आणि रविवारी तू त्यांच्याकडे डबा नेत होतीस. गजभिये याला 'समाजकार्य' म्हणतात. तुला त्यांच्याशी बोलायला आवडायचे, म्हणून तू जायचीस. एकदा एका मुलीचा निकाल लागला, नाव आले नाही, आणि ती दाराला कडी लावून बसली. मैत्रिणीने तुला फोन केला. तू कणीक तशीच परातीत ठेवून निघालीस. मी सोबत आलो, कारण तुझे हात कणकेचे होते आणि पर्स मला धरावी लागली. त्या खोलीला खिडकी नव्हती. बोळातून जिना, जिन्यातून एक दार. मला वाटले, तू दाराबाहेरून प्रेमाने समजूत घालशील. तू दारावर थाप मारून ओरडलीस, "उघड गं! मी कणीक टाकून आलेय. नापास तू झालीस आणि उपाशी माझा नवरा!" आतून आधी हुंदका आला, मग हुंदक्यात अडकलेले हसू, मग कडीचा आवाज.

ही करुणा असेल तर असो. पण ती चित्रातल्यासारखी मऊ नव्हती, खरखरीत होती, आणि तिला कणकेचा वास होता. 'करुणामूर्ती' या शब्दात त्यातले काहीच मावत नाही.

मग ही खोली आली. निवृत्तीनंतर क्वार्टर गेले, भाड्याची घरे झाली, तुझी फुप्फुसे या शहराने हळूहळू खाल्ली, आणि प्रज्ञा आपल्याला इथे घेऊन आली. ते चित्र तू स्वतः गुंडाळून आणलेस आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दारामागेच लावायला सांगितलेस. खिळा मी ठोकला, निषेध नोंदवून. तू दिवसचे दिवस खुर्चीत बसून राहायचीस आणि "अहो, खिडकी उघडा," म्हणायचीस. डॉक्टरांची सक्त मनाई होती. बाहेरची हवा तुला मारणार होती आणि आतली पुरत नव्हती. तू चिडायचीस, मी डॉक्टरांचे नाव सांगायचो, तू म्हणायचीस, "आता हीपण एक घटना."

शेवटच्या दुपारी तू त्याच खुर्चीत होतीस. शब्दांच्या मध्ये थांबत म्हणालीस, "एक विचारू?"

"बोलू नकोस, दम लागतो."

"दम काही न करतापण लागतो. गाथेत कुठं लिहिलंय का, आधी पुरुषानंच म्हणावं?"

"नाही."

"बुद्धांनी सांगितलंय?"

"नाही."

"बावीस प्रतिज्ञांत?"

"नाही."

"मग?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. इतक्यात फिजिओथेरपीची मुलगी आली आणि दाराची घंटा वाजली. मी उठताना म्हणालो, "संध्याकाळी सांगतो." संध्याकाळी आपण रुग्णवाहिकेत होतो. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि तू माझ्याकडे पाहत होतीस. ती नजर कशाची होती याविषयी प्रज्ञाचे एक मत आहे. माझे मत असे की तू उत्तराची वाट पाहत होतीस.

आज सकाळी प्रज्ञा माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले. "पप्पा, प्लीज. आईची होती ना ती? एक दिवा लावला तर काय होतं यार?"

"तुझ्या आईने कधी लावला?"

"मनात लावत असेल."

"मनातल्या दिव्याला टेबल लागत नाही."

"तुम्ही ना, बिल्कुल... आई गेली तरी तिच्याशी भांडताय."

"मग आणखी कोणाशी भांडू?" मी म्हणालो. ती उठून गेली. नंतर चहा आणून ठेवला.

त्यानंतर गजभिये यांचा फोन. "जय भीम, साहेब. ते चित्राचं फायनल करा, लोक विचारताहेत."

"चित्र येणार नाही."

"वा! मला खात्री होती."

"आनंद मानू नका. तुमचं ते वाक्यही छापलं जाणार नाही. विमल आजारात हळवी झाली नव्हती. ती धडधाकट होती तेव्हापासून ते चित्र घरात आहे."

ते म्हणाले, "साहेब, भन्ते आजारी आहेत, उद्या येत नाहीत. वंदना तुम्हीच घ्याल ना? तुमच्याच्यानं झालं नाही तर मी आहे."

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आले की सकाळपासून आम्ही सगळे चित्रावरून भांडत होतो, आणि तुझा वाद चित्राशी संबंधित कधीच नव्हता. तारा टेबलावर आली काय आणि दारामागे राहिली काय, उद्या विहाराच्या हॉलमध्ये पुन्हा एक पुरुष पहिली ओळ म्हणेल आणि तुझ्या फोटोसमोर बसलेल्या साऱ्या बायका त्याच्यामागून म्हणतील. तेही तुझ्याच नावाने. मी नकार दिला तर गजभिये उभे राहतील. नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल; ती उद्या सकाळपर्यंत होत नाही. मी लिहिलेल्या घटनेतून मलाच बाहेर पडायला वाट नव्हती. इतके घट्ट मी लिहू शकतो याचा एरवी मला अभिमान वाटला असता.

दुपारभर त्या वाक्यांभोवती फिरलो. ती मला पाठ आहेत. आणि मग मला दिसले, विमल. तुला हे कसे दिसले नाही याचे आश्चर्य वाटते. ज्येष्ठ सभासद हजर असताना दुसऱ्या कोणा सभासदाने वंदना घेऊ नये. मी हजर असेन, म्हणजे गजभिये सुरुवात करू शकत नाहीत, आणि दुसरा कोणीही पुरुष करू शकत नाही. परंतु घटना बांधते ती सभासदांना. तुम्ही बायका कधी सभासदच नव्हता. तुम्हाला तिच्यातला एकही शब्द लागू होत नाही; कधीच होत नव्हता.

तेव्हा उद्या मी समोर जाईन, मेणबत्ती लावीन, हात जोडून उभा राहीन. आणि पहिली ओळ म्हणणार नाही. गजभिये पुढे सरकले, तर मी त्यांना कलम ऐकवीन.

कोण सुरुवात करील, मला माहीत नाही. गजभिये यांच्या पत्नीला सगळ्या गाथा येतात. प्रज्ञाला अर्ध्या येतात. मुनिरकाची ती मुलगी येणार आहे असे कळते. मी यांपैकी कोणालाही काही सांगितलेले नाही आणि सांगणार नाही; सांगितले, तर पुन्हा मीच सांगतो आहे आणि बाई लिहून घेते आहे असे होईल. कोणीच सुरुवात केली नाही, तर आम्ही सगळे तसेच उभे राहू. हॉल दुपारपर्यंत आपल्याकडे आहे. माझे गुडघे दुखतील. दुखू देत, मला कुठेही जायचे नाही.

एक आवृत्ती अजून यायची आहे, तिचाही आताच प्रतिवाद करून ठेवतो. बायकोच्या जाण्याने मेश्राम बदलले, असे लोक म्हणतील. मी बदललेलो नाही. मी नियमाचे पालन करतो आहे. तारेच्या उत्तराला मी अजूनही गुण दिलेले नाहीत. तुझ्या "मग?"ला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आपला वाद मिटला असे कोणी म्हणाले तर ते धादांत खोटे आहे.

हा कागद संध्याकाळी छापायला जाईल आणि उद्या कार्यक्रम संपल्यावर वाटला जाईल. तो ज्यांच्या हातात पडेल, त्यांना हॉलमध्ये काय झाले ते माहीत असेल. तुला आणि मला ते अजून माहीत नाही.